अंतरपाटाला वारा लागू नये म्हणून

वाल्मीक बोडके माणसं तोंडावरून कमी आणि डोक्यावरून जास्त ओळखायचा. मखमलाबाद नाक्यावर त्याचा छोटा स्टुडिओ होता आणि बावीस वर्षं त्याने नाशिक आणि आसपासची लग्नं शूट केली ती घोड्यावर उभं राहून. हा घोडा नवरदेवाचा नव्हे. रंगारी लोक भिंत रंगवताना वापरतात ती चार पायांची लोखंडी शिडी. गर्दी कितीही असो, वाल्मीक घोडा रोवून वर चढायचा आणि वरून सगळं टिपायचा. कोणाचं टक्कल कुठून सुरू झालंय, कोणी फक्त भांगापुरतेच केस काळे केलेत, हे त्याला घरच्यांच्या आधी कळायचं. पण बाहेर कधी एक शब्द बोलला नाही. एवढं तारतम्य त्याला होतं.

पन्नाशी उलटली आणि गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, शिडी बंद. त्याच सुमारास लोकांना ड्रोनचं वेड लागलं. पत्रिका छापायच्या आधी लोक विचारायचे, ‘ड्रोन आहे ना?’ हे वाल्मीकच्या पथ्यावरच पडलं. मखमलाबादच्या पडीक वावरात दोन महिने सराव करून तो उडवायला शिकला, आणि लग्न असलं की चांगला थोरला ड्रोन भाड्याने आणायला लागला. वरात झाली, द्राक्षबागेतलं नवरा-नवरीचं फिरणं झालं, लॉनवरची पंगत झाली, सगळं झकास. गुडघ्यांना आराम आणि गिऱ्हाईक खूश. उघड्यावर उडतंय तर छताखालीही उडेल, एवढा साधा हिशेब त्याने केला आणि तिथेच तो फसला.

गेल्या वर्षीच्या वैशाखात गिरणारेच्या रावजी थेट्यांच्या मोठ्या मुलीचं, पूजाचं लग्न होतं. लॉनवर ऊन मी म्हणत होतं, म्हणून लग्न आतल्या एसी हॉलमध्ये लावायचं ठरलं. बारा पस्तीसचा मुहूर्त. नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट धरलेला, एका टोकाला भटजी, दुसऱ्या टोकाला नवरीचे चुलते चिमाजीकाका. आठांपैकी पाच मंगलाष्टकं झाली. दर ‘सावधान’ला चारशे हात वर जात होते आणि अक्षता उधळल्या जात होत्या. वाल्मीक कोपऱ्यात उभा राहून ड्रोन स्टेजच्या वर आणत होता.

उघड्यावर ड्रोन आकाशातल्या उपग्रहांना धरून एका जागी उभा राहतो. छताखाली ते दिसत नाहीत. मग तो पोटाखालच्या डोळ्यांनी जमीन बघतो आणि जमिनीवरच्या खुणांवरून आपली जागा ठरवतो. त्या हॉलची फरशी आरशासारखी गुळगुळीत, त्यात वरचे दिवे दिसत होते. ड्रोन गडबडला. आधी डावीकडे सरकला, मग चार हात खाली बसला. थोरल्या यंत्राचा वाराही थोरला. अंतरपाट आधी फुगला, मग चिमाजीकाकांच्या हातून सुटला आणि जाऊन बसला थेट भटजींच्या डोक्यावर. भटजी सहावं मंगलाष्टक आतूनच म्हणत राहिले.

मुहूर्ताला अजून दोन मिनिटं होती. पूजा आणि नवरदेव रोहित एकमेकांकडे बघत उभे, आणि पूजाला हसू आवरेना. हॉलभर ‘अगं बाई! अगं बाई!’ झालं. वाल्मीकने ड्रोन कसाबसा खाली उतरवला आणि मान वर केली, तर समोर रावजींची आई, विठाबाई. ऐंशीची म्हातारी, सगळा गाव तिला वचकून. ती तोंडाला पदर लावून एकटक वाल्मीककडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं त्याला वाटलं.

त्या दिवसापासून त्याने कानाला खडा लावला. लग्नात ड्रोन नाही म्हणजे नाही. लोक म्हणाले, मग तुम्हीही नको. वर्षभरात त्याची निम्मी कामं दुसऱ्यांकडे गेली. तो पासपोर्ट फोटो काढत, शाळांची स्नेहसंमेलनं करत बसला. पण कामं गेल्याचं दुःख एक, आणि मनातली बोच वेगळी. मुहूर्ताआधी आपण दोघांची नजरानजर घडवली, त्यांच्या संसारात काही कमी-जास्त झालं तर? एरवी वाल्मीक मुहूर्तबिहूर्त मानणाऱ्यातला नव्हता. पण दुसऱ्याच्या लेकीचा प्रश्न आला की न मानणाराही मनातल्या मनात मानतो.

त्यात माघ महिन्यात भाजीबाजारात गिरणारेचा एक ओळखीचा माणूस भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, “थेट्यांची पूजा दोन महिने झाले माहेरीच हे.”

वाल्मीक पिशवीतली मेथी तशीच टाकून घरी आला. बायकोला म्हणाला, “मैना, मोडलं गं त्या पोरीचं. माझ्यामुळं मोडलं.”

मैना गहू निवडत होती. तिने मान वर न करताच विचारलं, “मेथी कुठंय?”

“अगं, मी काय सांगतोय! दोन महिने माहेरी आहे ती!”

“अहो, बाई माहेरी काय भांडूनच येते का? मी नव्हते गेले तीन महिने?”

“तू बाळंतपणाला गेली होतीस.”

“मग?” मैना म्हणाली. पण वाल्मीकचं डोकं ताळ्यावर असतं तर ना. माणसाला एकदा अपराध्यासारखं वाटायला लागलं की चांगली बातमी त्याच्या कानाबाहेरच घुटमळते. त्याने ते ऐकलंच नाही.

चार दिवसांनी रावजी थेट्यांचा फोन आला. धाकटीचं, चैतालीचं लग्न ठरलं होतं. तोच हॉल, तेच भटजी.

“वाल्मीक, शूटिंग तुलाच करायचंय. ड्रोन पाहिजे. आतूनबी आन बाहेरूनबी.”

“रावजीअण्णा, मी... ते मागच्या वेळी...”

“मला काय सांगतो? आई म्हणती वाल्मीकच पाहिजे. दुसरा आणला तर मी लग्नाला बसणार नाय म्हणती. आता तिच्यापुढं कोण बोलणार?”

वाल्मीकने फोन ठेवला. म्हातारीला हिशेब चुकता करायचाय, अशी त्याची खात्रीच पटली. सगळ्या भावकीसमोर तिला त्याच्याकडून ते काम नीट करून घ्यायचं होतं, आणि यंदा अंतरपाटाची एक दशी जरी हलली तरी वाल्मीक बोडकेने पुन्हा कॅमेरा गळ्यात अडकवायचं नाव काढू नये. नाही म्हणावं तर तोंड लपवल्यासारखं. हो म्हणावं तर पुन्हा तोच अंतरपाट.

मैना म्हणाली, “मग असा ड्रोन घ्या ना, ज्याचा वाराच लागणार नाही.”

बोलायला सोपं होतं. पण बाईने मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. वर्षभर वाल्मीक ‘आता उडवायचं की नाही’ एवढंच घोकत बसला होता. ‘कोणता उडवायचा’ हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो एमजी रोडला शेखरच्या दुकानात गेला. शेखर तिशीतला, कॅमेरे आणि ड्रोन विकणारा, बोलण्यात पटाईत. त्याने काउंटरवर तीन यंत्रं मांडली. पहिला थोरला, घडीचा, चित्र असं की नवरीच्या नथीतला मोती मोजून घ्यावा. दुसरा गोल कड्यांमधला, पंखे चारही बाजूंनी झाकलेले. डोळ्यांवर आत चित्र दाखवणारा गॉगल चढवून उडवायचा, दारातून आत घालून खिडकीतून बाहेर काढायचा. तिसरा अगदी लहान, अडीचशे ग्रॅमच्या आतला, तळहातावर मावणारा. आत उडवताना पंख्यांभोवती जाळी बसवायची, बाहेर गेलं की काढून ठेवायची.

“काका, प्रोफेशनल काम आहे ना तुमचं? मग हा मोठाच घ्या,” शेखर म्हणाला. “सेन्सर बघा याचा. हा छोटा म्हणजे फिरायला जाणाऱ्यांचं खेळणं.”

“वारा किती लागतो?”

“एकदम स्टेबल! कितीही वारा असू द्या, हलत नाही.”

“तसं नाही रे. त्याला वारा किती लागतो ते नको. त्याचा वारा खाली किती लागतो?”

शेखरने डबा उलटसुलट करून बघितला. दहा वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला कोणीच विचारला नव्हता. डब्यावर सगळं छापलेलं होतं, हे नव्हतं. वाल्मीकने त्याला गेल्या वर्षीची सगळी कथा सांगितली. शेखर आधी पोट धरून हसला, मग वाल्मीकचा चेहरा बघून गंभीर झाला. म्हणाला, “काका, उद्या सकाळी आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये या. तिन्ही आणतो. तुम्ही काय ते बघून घ्या.”

मैनाही आली. येताना ट्रंकेतून तिने पिशवीत घालून एक वस्तू आणली होती: त्यांच्या स्वतःच्या लग्नातला अंतरपाट. पांढरा, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, आता पिवळसर पडलेला. सव्वीस वर्षं तिने तो डांबराच्या गोळ्या घालून जपला होता, हे वाल्मीकला माहीतच नव्हतं. सोबत एका डब्यात हळद-कुंकू लावलेले तांदूळ. “अक्षता पण बघायला पाहिजेत ना,” ती म्हणाली. “लोक काय देवासारखे हळूच टाकतात? दगड मारल्यासारखे मारतात.”

मग बॅडमिंटनच्या जाळ्याशेजारी लग्न लागलं. अंतरपाटाच्या एका टोकाला मैना, दुसऱ्या टोकाला वाल्मीक, आणि शेखर ड्रोन उडवतोय. कोपऱ्यात खेळायला आलेल्या दोन निवृत्त बाया रॅकेटी टेकवून बघत उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने न सांगताच मंगलाष्टक सुरू केलं. आवाज चांगला होता.

थोरला ड्रोन छताजवळ, अठरा फुटांवर नेला तरी अंतरपाट शिडासारखा फुगला. मैनाच्या हातून टोक सुटायच्या बेताला आलं. वाल्मीकने डोळे मिटून घेतले. त्याला भटजींचं डोकं आठवलं.

कड्यांमधला तर आणखी तऱ्हेवाईक. बायांनी मूठभर अक्षता मारल्या तर पंख्यांना काही झालं नाही, पण तांदूळ खालच्या वाऱ्याने उडून सगळ्यांच्या डोळ्यांत. आवाज असा की गांधीलमाश्यांचं मोहोळ उठलंय. मंगलाष्टक म्हणणाऱ्या बाई शेवटी चिडून थांबल्या. “लग्न आहे की फवारणी?” म्हणाल्या.

मग लहानगा. बारा फुटांवर अंतरपाटाच्या फक्त दशा हलल्या. चौदावर एखादी. पंधरावर काहीच नाही. कापड भिंतीसारखं स्थिर. अक्षता मारल्या, दोन-चार दाणे जाळीवर टणटणले आणि खाली आले. ड्रोन जागचा हलला नाही, कारण खाली कोर्टाच्या पांढऱ्या पट्ट्या होत्या आणि त्याच्या पोटाखालच्या डोळ्यांना त्या चांगल्या दिसत होत्या.

ते बघून वाल्मीकच्या डोक्यात दिवा लागला. फरशी गुळगुळीत असेल तर तिच्यावर पट्ट्या आणायच्या! त्याने तिथूनच रावजींना फोन लावला. “अण्णा, स्टेजच्या समोरच्या वाटेवर लाल गालिचा नको. पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या टाकायच्या, एकाला एक लागून. आणि त्या वाटेवर कोणाला बसू द्यायचं नाही.”

रावजी म्हणाले, “सतरंज्या? लग्नात? बरं. आईला इचारतो.” थोड्या वेळाने निरोप आला: आई म्हणती, वाल्मीक म्हणंल तसं करा. वाल्मीकला वेगळीच शंका आली. एवढी गोड का वागतेय म्हातारी?

बाहेरची परीक्षा राहिली होती. शेखरने दोन दिवसांसाठी लहानगा दिला आणि वाल्मीकने तो गिरणारेच्या अलीकडे एका ओळखीच्या बागेवर नेला. मोबाइलवर आधी नकाशा बघून घेतला, कारण देवळाली-नाशिकरोडकडे लष्कराची हद्द, तिथे उडवायचं म्हटलं तर पंचाईत. इथे मोकळं होतं. दुपारी वारं सुटलं आणि लहानगा पतंगासारखा डुलायला लागला. वाऱ्याबरोबर झपकन लांब गेला. परत बोलावला तर येता येईना, बॅटरी भरभर उतरतेय. कसाबसा बांधावर उतरला. वाल्मीकने दोन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या: बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत, आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे येताना तोच घरी आणून सोडतो. चित्र थोरल्यासारखं नव्हतं. नथीतला मोती मोजता आला नसता. पण नथ दिसत होती, आणि नथ बघून कोणी मोती मोजत बसत नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वाल्मीकने तर ताक फुंकून, गाळून, मैनाला चाखायला देऊन मग घेतलं. लहानगा विकत घेतला आणि पुढचे तीन आठवडे तो रोज सकाळी बॅडमिंटन हॉलमध्ये जाऊन पंधरा फुटांवर ड्रोन धरायचा. त्या दोन बाया आता आपणहून अंतरपाट धरायच्या.

लग्नाचा दिवस उजाडला. सकाळी आठला बागेतलं काम सुरळीत झालं. साडेअकराला वाल्मीक हॉलमध्ये शिरला. सतरंज्या अंथरलेल्या, एकही माणूस त्यावर नाही. जाळी बसवली, बॅटरी बदलली, मैनाने आणलेलं पाणी पिऊन टाकलं. पहिल्या रांगेत विठाबाई बसली होती आणि तिने त्याला बोटाने जवळ बोलावलं. वाल्मीक गेला. मेंढरासारखा गेला म्हटलं तरी चालेल.

“आजी, नमस्कार.”

“ये, लेकरा. वाळलास रं. आजारी होतास काय?”

“नाही आजी. आजी, मागच्या वेळी जे झालं... पूजाताईंचं...” त्याने हात जोडले. “मी वर्षभर झोपलो नाही नीट. माझ्यामुळं त्या पोरीचं काही...”

“कुणाचं? पूजीचं?” म्हातारीने मागे वळून हाक मारली. “ए पूजे, आण गं त्याला इकडं!”

मागच्या रांगेतून पूजा उठली. अंगाने भरलेली, हातांत दुपट्यात गुंडाळलेलं दीड महिन्याचं बाळ. मागोमाग रोहित, हातात दुधाची बाटली आणि खांद्यावर बाळाचा लंगोट, आणि तसाच पाहुण्यांत मिरवतोय. त्याला त्याचं काही नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघून उगीचच हसत होती.

वाल्मीकचा जीव भांड्यात पडला. एवढ्या जोरात पडला की तो शेजारच्या खुर्चीवर बसलाच. त्याने मैनाकडे पाहिलं. मैना भुवया उंचावून म्हणाली, “मेथी आठवते का?”

“ह्यांचं असंच चालू हे,” विठाबाई म्हणाली. “वरीस झालं, भांडान नाय. भांडायला लागली की पूजी म्हणती, भटजीचं डोकं आठव. आन हसत सुटतेत. पन्नास वर्सं संसार केला मी, आमच्या ह्यांनी माझ्याकडं नीट बघितलं ते बी मुहूर्त टळल्यावर. ह्या पोरांनी आधीच बघून घेतलं. बरं झालं.”

“पण आजी, तुम्ही तर रागावला होतात. तोंडाला पदर लावून...”

“रागवीन कशाला? हसू आलं व्हतं रं! समोर इहीणबाई उभ्या, आन माझ्या तोंडात दोनच दात. कसं हसू?” तिने त्याचा दंड धरून त्याला जवळ ओढलं. “आता नीट ऐक. तू ते यंत्र लय वर ठेवू नको. सहाव्या मंगलाष्टकाला जरा खाली आण. चैतीचाबी अंतरपाट उडू दे.”

वाल्मीक तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. “आजी, त्यासाठी बोलावलंत मला?”

“मंग? फोटो काय कुणीबी काढतं.”

“आजी,” वाल्मीक म्हणाला, आणि त्याला हसावं की रडावं कळेना, “मी महिनाभर खपून असा ड्रोन निवडलाय, की ज्याचा वाराच लागत नाही.”

म्हातारीने कपाळाला हात लावला. “अरं द्येवा! सगळा बाजार फिरून नेमकं बिनवाऱ्याचं आणलंस?”

“आणि माणसांच्या डोक्यांजवळ तर मी आता मुळीच आणणार नाही. तेवढं सोडून काहीही सांगा.”

तिने एकदा स्टेजकडे पाहिलं. मग पदर खोचत म्हणाली, “बरं. तू वरच ऱ्हा. तुझं काम तू कर.”

मंगलाष्टकं सुरू झाली. लहानगा सतरंजीच्या पट्ट्यांवर, बरोबर पंधरा फुटांवर उभा राहिला. ना सरकला, ना बसला. जाळीवर अक्षता टणटणत होत्या. अंतरपाट ताठ, एक दशी हलली तर शपथ. वाल्मीकची बोटं वर्षात पहिल्यांदा मोकळी फिरत होती. छातीवरचं ओझं उतरलं की माणसाला आधी आपलेच हात हलके लागतात, हे त्याला तेव्हा कळलं. तीन झाली, चार झाली, पाच झाली.

सहाव्याला त्याला हातातल्या ड्रोनच्या पडद्यावर दिसलं: विठाबाई काठी टेकत स्टेजवर चढली होती. ती यंदाही अंतरपाट धरलेल्या चिमाजीकाकांच्या मागे जाऊन उभी राहिली. कोणाचं लक्ष नव्हतं. खालून बघणाऱ्याला ती दिसलीही नसती. पण वाल्मीक वरून बघत होता, आणि वरून बघण्यात त्याचा हात धरणारा नाशिकमध्ये कोणी नव्हता. म्हातारीने काठीची मूठ पुढे केली आणि चिमाजीकाकांच्या कोपरावर हलकेच टोला दिला. काकांचा हात खाली आला. अंतरपाटाचं टोक हातभर झुकलं. चैतालीने चमकून वर पाहिलं, समोर नवरदेवाने पाहिलं, आणि दोघांना एकदमच हसू फुटलं.

भटजींनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर वर छताकडे बघितलं. ड्रोन जागच्या जागी होता. वाल्मीकने दोन्ही हात वर करून दाखवले, मी नाही! आणि मैना पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मोठ्याने हसली.

वाल्मीकने चित्र जरा जवळ घेतलं. पडद्यावर विठाबाई मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, दोन्ही दात दाखवत. या वेळी तिने तोंडाला पदर लावला नव्हता.